तिसऱ्यांदा विचारलंच नाही

माणसाची प्रकृती त्याच्या कामाच्या तासांवर अवलंबून असते, हे आता सर्वमान्य झालं आहे. आठवड्याला तीस किंवा अधिक तास काम करणाऱ्या माणसाला हृदय, यकृत, गुडघे वगैरे अवयव असतात आणि ते बिघडूही शकतात. म्हणून कंपनी त्याचा आरोग्यविमा उतरवते. एकोणतीस तास काम करणाऱ्याला यातलं काही नसतं. मधल्या त्या एका तासात शरीरात नेमकं काय घडतं, हे वैद्यकशास्त्राला अजून सापडलेलं नाही. व्यवस्थापनशास्त्राला ते केव्हाच सापडलं आहे.

मिनेसोटातल्या नॉर्ड्रम गावी हा शोध जानेवारीच्या शेवटी पोचला. बर्फ उपसायची फावडी बनवणाऱ्या तिथल्या कारखान्यात ड्वेन तोर्स्टाड दांडे विभागाचा मुकादम होता. वय बासष्ट. फावड्याला दांडा बसवण्यात त्याचा हात धरणारा माणूस आसपासच्या तीन काउंट्यांत नव्हता (चौथ्या काउंटीत चौकशी केलेली नाही). त्या दिवशी शिकागोहून एक सल्लागार आला, त्याने सगळ्यांना कॅन्टीनमध्ये जमवलं आणि आनंदाची बातमी दिली. कारखाना कुणालाही काढून टाकणार नव्हता. उलट प्रत्येकाला आठवड्याला अकरा तास भेट म्हणून परत देणार होता. चाळीसातून अकरा गेले की किती उरतात, हे त्याने सांगितलं नाही. कामगार हुशार आहेत यावर त्याचा विश्वास होता.

बातमीबरोबर केकही होता. "केक कोण कोण घेणार?" सल्लागाराने विचारलं. सगळे म्हणाले, "नको, नको." मग तो केक पुन्हा खोक्यात घालून, गाडीत ठेवून शिकागोला घेऊन गेला. आपल्या अहवालात त्याने लिहिलं की या गावातल्या लोकांच्या गरजा फार कमी आहेत.

इथे एक खुलासा करणं भाग आहे. नॉर्ड्रममध्ये कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा 'नको' म्हणतात. दुसऱ्यांदा विचारलं की 'अहो खरंच नको, तुम्हाला कशाला त्रास' म्हणतात. तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, अगदी एवढंसं' म्हणतात आणि दोन तुकडे घेतात. देणाऱ्याला हे ठाऊक असतं, घेणाऱ्याला ठाऊक असतं, आणि पहिल्याच फटक्यात 'हो' म्हणणाऱ्याच्या घराण्याबद्दल गावात हळू आवाजात बोललं जातं. सल्लागाराने एकदाच विचारलं. त्या दिवशी सगळा कारखाना केककडे बघत उभा राहिला.

आठवडाभरात ड्वेनच्या घरी एक जाडजूड पत्र आलं. त्यात कायद्याची माहिती होती. हा कायदा फार दयाळू आहे. नोकरी गेली किंवा तास कमी झाले म्हणून माणसाचा विमा एकदम काढून घेऊ नये, असं त्याला मनापासून वाटतं. तोच विमा, तेच कार्ड, तेच डॉक्टर माणसाला दीड वर्षं ठेवता येतात. फरक इतकाच, की आजवर कंपनी हप्त्यातला जो मोठा वाटा भरत होती तोही आता माणसाने भरायचा, आणि एवढे पैसे घेण्याची तसदी पलीकडच्यांना पडते म्हणून वर दोन टक्के द्यायचे. या कायद्याला लोक ज्या आद्याक्षरांनी ओळखतात, त्यांतून नागाचं नाव तयार होतं. (हा योगायोग असावा.)

ड्वेनची बायको मार्लिस शाळेच्या स्वयंपाकघरात अर्धवेळ काम करायची. तिचाही विमा ड्वेनच्याच कार्डावर होता. तिने चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं.

"ड्वेन, तुझ्या नव्या पगारातून हा हप्ता भरला ना, तर उरलेल्या पैशांत कॉफी बसते."

"मग चांगलंय की."

"साखर नाही बसत."

"मी कुठे साखर घालतो?"

"पेट्रोल घालतोस ना?"

एकूण कायदा असा, की माणसाचा पगार कमी झाला की त्याला मोठा हप्ता भरायचा हक्क मिळतो. पगार पुरेसा असतो तेव्हा हा हक्क नसतो. हक्कांचं मोल माणसाला कळावं म्हणूनच ही योजना असणार.

कारखान्याच्या कचेरीत डार्ला नावाची बाई विम्याच्या कागदपत्रांच्या कामाला होती. तिचेही तास एकोणतीसच झाले होते, पण इतरांना ते समजावून सांगण्यात त्यातले वीस जात. ड्वेन तिच्याकडे गेला. डार्लाने दार लावलं.

"हे बघ ड्वेन, मी तुला काही सुचवत नाहीये हां. मला सुचवायची परवानगीच नाही. पण माझ्या नवऱ्याचे तास गेले तेव्हा आम्ही काय केलं, ते सहज गप्पा म्हणून सांगते. घेणार का नाही, ते सांगायला साठ दिवस असतात. बरोबर? आणि साठाव्या दिवशी 'घेतो' म्हटलं तरी विमा पहिल्या दिवसापासून लागतो."

"म्हणजे?"

"म्हणजे काही झालं नाही तर सांगायचंच नाही. काही झालं तर सांगायचं. तेव्हा हप्ते भरायचे, मागचे सगळे. झालं."

"आणि एकसष्टाव्या दिवशी काही झालं तर?"

"तेव्हा काही होऊ द्यायचं नाही," डार्ला म्हणाली.

ही युक्ती ऐकून कुणाला वाटेल की माणसं कायद्याला फसवत होती. तसं अजिबात नाही. कायद्यानेच ती खिडकी उघडी ठेवलेली आहे, आणि नॉर्ड्रममधली माणसं खिडकी उघडी दिसली तर कोट घालून तिच्याशेजारी बसणारी आहेत. कारखान्यातल्या बहुतेक घरांत त्या फेब्रुवारीत एकच वस्तू नव्याने दिसू लागली. फ्रिजच्या दारावर, मासा पकडलेल्या फोटोशेजारी, लोहचुंबकाखाली, आतल्या होकारावर सही करून, तिकीट लावून ठेवलेलं एक पाकीट.

मार्लिसने घरात नियम जाहीर केले. ड्वेनने छपरावरचा बर्फ काढायला शिडीवर चढायचं नाही. गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला जायचं, पण गाडी घेऊन बर्फावर जायचं नाही. चुलतभावाच्या स्नोमोबिलवर बसायचं नाही. करवतीचं काम नाही. आणि तरीही काही झालंच, तर आधी पाकीट टपालपेटीत टाकायचं, मग हॉस्पिटलला फोन करायचा. हा क्रम तिने ड्वेनकडून पाठ करून घेतला. साऱ्या गावाची तब्येत त्या दिवसांत ठणठणीत होती. डॉक्टरचा दवाखाना ओस पडला होता आणि खुद्द डॉक्टर शिंकणाऱ्या माणसाकडे आशेने बघू लागला होता.

एकदा मार्लिसला शंका आली, की साठ दिवस पत्रावरच्या तारखेपासून धरायचे की तास कमी झाले त्या दिवसापासून. तिने ड्वेनला फोन करायला लावला. पत्रातला नंबर दूर कुठल्यातरी उन्हाळी राज्यातला होता. आधी बराच वेळ वाद्यसंगीत वाजलं, मग हे संभाषण ध्वनिमुद्रित होत आहे अशी सूचना आली, मग एक बाई आली. ड्वेनने आधी तिच्याकडच्या हवेची चौकशी केली, इकडची सांगितली आणि मग शंका विचारली. बाईने छान उत्तर दिलं. शेवटची तारीख मार्चअखेरची होती. मग ती म्हणाली,

"मिस्टर तोर्स्टाड, आपल्याला विमा चालू ठेवायचा आहे का? मी आत्ताच नोंदवून टाकते."

"अहो नको, नको," ड्वेन म्हणाला.

"चालू ठेवायचा नाही?"

"छे छे. तुम्ही कशाला त्रास घेता? आमचं भागेल."

मग तो थांबला. रिसीव्हर कानाला लावून, भुवया उंचावून तो तिसऱ्या प्रश्नाची वाट बघत राहिला. तिसऱ्यांदा तो म्हणणार होता की एवढी घाई नाही, आम्ही पाकिटातून कळवू. पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. बाईने आभार मानले आणि फोन बंद झाला.

"काय म्हणाली?" मार्लिसने विचारलं.

"मार्चअखेरपर्यंत वेळ आहे म्हणाली. बाई भली होती, दोनदा विचारलं तिनं. तिसऱ्यांदा विचारणार तेवढ्यात लाइन गेली बहुतेक."

मार्चमध्ये ईस्टरच्या आधीच्या दर बुधवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात सूप असतं. त्या बुधवारी वाटाण्याचं सूप होतं आणि शिवाय लव्हॉन ट्वेटने बटाटे-खिमा घालून ओव्हनमध्ये भाजलेली हॉटडिश करून आणली होती. लव्हॉन ही चर्चच्या स्वयंपाकघराची प्रमुख; पास्टर येतात आणि बदलून जातात, लव्हॉन असते. तिने तीनदा विचारल्यावर ड्वेनने हॉटडिश दोनदा घेतली. थोड्या वेळाने त्याने चमचा खाली ठेवला आणि उजव्या बरगडीखाली हात धरला.

"ड्वेन, तुझा चेहरा या नॅपकिनसारखा झालाय," लव्हॉन म्हणाली.

"नाही गं. ठीकच आहे."

"दुखतंय का?"

"दुखतंय असं नाही म्हणता येणार. जरा जाणवतंय."

कारखान्यात एकाचं बोट यंत्रात गेलं होतं तेव्हा तोही 'जाणवतंय' एवढंच म्हणाला होता. मार्लिसने तो शब्द ऐकला आणि ती उठलीच. पण नॉर्ड्रममध्ये एखाद्या ठिकाणाहून निघणं हे निघायचं ठरवण्याइतकं सोपं नसतं. टेबलापाशी एकदा निरोप झाला, कोट घालताना दुसऱ्यांदा, जिन्यात तिसऱ्यांदा. गाडीची काच खाली करून चौथा निरोप सुरू झाला. त्यात पास्टरने तळ्यावरच्या बर्फाची जाडी विचारली आणि ड्वेनने घामाघूम चेहऱ्याने ती सांगितली. तेव्हा मार्लिसने बोलणं अर्ध्यात तोडून गाडी काढली. ती घाबरली होती. छत्तीस वर्षांत या माणसाने कधी बरगडीला हात लावला नव्हता.

तरीही नियम तो नियम. आधी घरी जाऊन तिने पाकीट घेतलं, मग गाडी पोस्टापाशी थांबवली.

"तिकीट नीट चिकटलंय ना?" ड्वेनने मागच्या सीटवर आडवं पडून विचारलं.

"तू गप्प पडून रहा. फार दुखतंय का?"

"पडलं का पाकीट आत?"

"पडलं."

"मग ठीकच आहे," असं म्हणून ड्वेन कण्हला. तोवर त्याने कण्हणं रोखून धरलं होतं.

हॉस्पिटलमध्ये नर्सने विचारलं, एक ते दहामध्ये वेदना किती? ड्वेन म्हणाला, दोन. आणि कुणाला जास्त गरज असेल तर त्याला आधी घ्या. नर्सही त्याच भागातली होती. तिने कागदावर नऊ लिहिलं. पित्ताशयात खडे होते आणि पित्ताशय फुटायच्या बेतात होतं. त्याच रात्री ते काढून टाकलं गेलं. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ड्वेनला सकाळी लिंबाची जेली देण्यात आली. ती त्याने तिसऱ्यांदा विचारल्यावर खाल्ली.

इथवर सगळं योजनेप्रमाणे झालं होतं, म्हणूनच पुढचं पत्र मार्लिसला समजेना. पत्रात म्हटलं होतं की श्री. तोर्स्टाड यांनी दूरध्वनीवरून विमा नाकारला होता. नाकारून नंतर विचार बदलण्याची मुभा कायदा मोठ्या मनाने देतो. मात्र तसं केलं तर विमा पहिल्या दिवसापासून लागत नाही, होकारावर टपालाचा शिक्का पडला त्या दिवसापासून लागतो. बुधवारी पोस्टाची गाडी पाच वाजता निघून गेली होती, त्यामुळे पाकिटावर गुरुवारचा शिक्का होता. सबब बुधवारचं ऑपरेशन विम्यात बसत नव्हतं. लिंबाची जेली बसत होती.

मग हॉस्पिटलचं बिल आलं. मार्लिसने ते खाली बसून वाचलं. ड्वेनने टाक्यांमुळे उभं राहून. पासष्टाव्या वर्षी सरकारी विमा मिळतो, तिथवर कसंबसं पोचायला म्हणून दोघांनी काही पैसे बाजूला ठेवले होते. ते या बिलात सगळे जात होते आणि तरी बिल उरत होतं. मार्लिसला रडू आलं नाही. तिला राग आला. आधी ड्वेनचा, मग कंपनीचा, मग ज्या घरांत मुलांना 'हो' म्हणायला शिकवत नाहीत त्या गावातल्या सगळ्या घरांचा. त्यात तिचं माहेरही आलं.

"तू नको म्हणालास? फोनवर?"

"दोनदाच म्हणालो," ड्वेन म्हणाला. त्याचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "तिसऱ्यांदा तिनं विचारलंच नाही."

गावात याचा निवाडा त्याच दिवशी झाला. एकमताने ठरलं की चूक फोनवरच्या बाईची आहे. तिला वळण नाही. ड्वेनचं काही चुकलं असं म्हणणारा एकही माणूस भेटला नाही. मार्लिसला तसं म्हणावंसं वाटलं होतं, पण तिला कुणी तीनदा विचारलं नाही.

अशा प्रसंगासाठी नॉर्ड्रममध्ये एक जुनी, चाचणी झालेली आरोग्ययोजना आहे. तिला स्पगेटीचं जेवण म्हणतात. चर्चच्या तळघरात शेवयांसारखी ती स्पगेटी आणि खिम्याचे गोळे शिजवायचे, ताटामागे ऐच्छिक देणगी घ्यायची आणि पैसे आजाऱ्याच्या खर्चाला द्यायचे. या योजनेत कुणाचे तास मोजत नाहीत. समिती ड्वेनकडे गेली, त्याने दोनदा नकार दिला, समितीने तिसऱ्यांदा विचारलं, तो 'बरं, अगदी छोटंसं करा' म्हणाला, आणि सगळं गाव लोटलं. कारखान्याच्या व्यवस्थापनानेही हात आखडता घेतला नाही. सोडतीत बक्षीस म्हणून सहा फावडी दिली. दांडे पक्के होते. जेवायला आलेल्यांत निम्म्याहून अधिक एकोणतीस तासवाले होते आणि प्रत्येकाच्या फ्रिजवर पाकीट होतं. त्या संध्याकाळी जमलेल्या पैशांत ड्वेनची भूल बसत होती. ऑपरेशन बसवायचं तर गावाला अजून बऱ्याच वेळा जेवावं लागलं असतं, आणि तेवढी स्पगेटी खाऊन आणखी पित्ताशयं गेली असती.

तेव्हा लव्हॉनने दुसरा उपाय काढला. मार्लिसने विमावाल्यांना तक्रारीचं पत्र लिहिलं आणि लव्हॉनने त्याला चर्चच्या कागदावर एक दाखला जोडला. तो असा: "दाखला देण्यात येतो की, सदर काउंटीत पहिला व दुसरा नकार हा शिष्टाचाराचा भाग असून त्यास नकार समजण्यात येत नाही. तिसऱ्या विचारणेनंतरचे उत्तर तेवढे ग्राह्य धरण्यात येते. सदर इसमास तिसऱ्यांदा विचारण्यात आले नसल्याने त्याचे उत्तर अद्याप यावयाचे आहे." खाली पास्टरची, लव्हॉनची आणि बुधवारच्या सूपाला येणाऱ्या यच्चयावत मंडळींची अशा सह्या होत्या. डॉक्टरनेही सही केली. त्याचं बिल अडकलं होतं.

बर्फ वितळून तळं मोकळं झालं तेव्हा एका दुपारी फोन वाजला. ड्वेनने उचलला. मार्लिस ओट्यापाशी रोट्यांसाठी बटाटे कुस्करत होती. पलीकडची बाई वेगळी होती, पण ध्वनिमुद्रणाची सूचना तीच होती.

"मिस्टर तोर्स्टाड, आपल्या तक्रारीवर समितीने विचार केला. ते संभाषण पुन्हा ऐकलं. दाखलाही वाचला, तो इथे सगळ्यांनीच वाचला. खास बाब म्हणून विमा पहिल्या दिवसापासून लागू करता येईल. मागचे हप्ते भरावे लागतील. मग ऑपरेशनही त्यात येईल. करायचा का लागू?"

ड्वेनचे डोळे भरून आले. परक्या माणसांनी आपल्यासाठी एवढं करावं, हे त्याला सोसवेना.

"अहो," तो म्हणाला, "तुम्ही आधीच एवढा त्रास घेतलात. आता आणखी कशाला—"

मार्लिसने बटाट्याच्या हातांनी रिसीव्हर ओढून घेतला.

"हो," ती म्हणाली.

"माफ करा, आपण कोण बोलताय?"

"त्याची बायको. त्याच कार्डावर आहे मी. हो. माझंही हो आणि त्याचंही हो."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. ड्वेन बायकोकडे असा बघत होता की जणू ती कपडे न घालता चर्चला निघाली आहे. तिने रिसीव्हर सोडला नाही. पलीकडच्या बाईने 'नोंद झाली' असं स्पष्ट म्हटलं, तेव्हाच तो खाली ठेवला.

विमा लागला. मागचे हप्ते स्पगेटीच्या पैशांतून भरले गेले आणि बाजूला ठेवलेल्या पैशांतले बरेचसे वाचले. ड्वेन पुन्हा आठवड्याला एकोणतीस तास दांडे बसवू लागला. मार्लिसच्या त्या 'हो'ची गोष्ट मात्र गावभर झाली. मार्लिस स्वभावाने चांगलीच आहे, पण जरा... असं लोक म्हणत आणि पुढे बोलत नसत. नॉर्ड्रममध्ये याहून कडक शब्द नाही. पुढच्या बुधवारी लव्हॉनने चॉकलेटच्या वड्यांचं ताट तिच्यापुढे धरलं आणि सगळं तळघर श्वास रोखून बघत राहिलं. "नको," मार्लिस म्हणाली. मग लोक पुन्हा सूप पिऊ लागले.

हे वाचून मराठी वाचकाला त्या लोकांची गंमत वाटेल, आणि ती वाटून घ्यावी. मागच्या रविवारी कुणाकडे तरी गेल्यावर 'चहा टाकते हं' या वाक्याला आपण 'नको नको, आत्ताच घेऊन निघालो' असं उत्तर दिलं होतं आणि ऐसपैस मांडी घालून बसलो होतो, हे आठवण्याचं काही कारण नाही. चहा आला, कारण विचारणारी आपल्याला ओळखत होती. आता आठवायचं ते वेगळंच. परवा जेवताना एका अनोळखी नंबरवरून फोन आला होता. सुरुवातीला संभाषण ध्वनिमुद्रित होत असल्याची सूचना होती, मग एका बाईने काहीतरी विचारायला सुरुवात केली, आणि तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत आपण 'नको' म्हणून फोन ठेवला. ती काय विचारत होती?